उताराची जमीन आणि छोटा ट्रॅक्टर : खरेदीपूर्वीचा विचार

सह्याद्रीच्या कुशीत जमीन असणे ही आता केवळ पिढीजात शेतकऱ्यांपुरती गोष्ट राहिलेली नाही. पेढीवर आणि बाजारपेठेत उभे आयुष्य गेलेल्या कितीतरी कुटुंबांकडे मावळ, मुळशी, भोर, इगतपुरी किंवा कोकणात डोंगरउताराची पाच-दहा एकर जमीन आहे. कुठे ती वाटणीत आलेली आहे, कुठे मुलांच्या भविष्यासाठी घेतलेली आहे, तर कुठे एखाद्या संस्थेच्या नावावर आहे. तिच्यावर आंबा, काजू, चिकू, फणस अशी झाडे लावली जातात. झाडांमधल्या मोकळ्या जागेत मात्र पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत उभे राहते.

हे गवत डिसेंबरपर्यंत वाळते, आणि तेव्हापासून पहिला पाऊस पडेपर्यंत मालकाला स्वस्थ झोप नसते. रस्त्यावरून जाणाऱ्याने टाकलेली विडी किंवा शेजारच्या रानात पेटवलेला पालापाचोळा एवढे निमित्त वणव्याला पुरते. सात-आठ वर्षे पाणी घालून वाढवलेली कलमे एका दुपारीत होरपळून जातात. म्हणून गवत वेळेवर कापणे आणि हद्दीवर जाळरेषा काढणे ही चैन नसून मालमत्तेच्या रक्षणाची पहिली पायरी आहे. विळा चालवणारी माणसे आता मिळत नाहीत, मिळाली तर वेळेवर येत नाहीत, आणि मग घरात विचार पुढे येतो की एक छोटा ट्रॅक्टरच घेऊन टाकावा.

विचार वावगा नाही. परंतु सपाट शेतासाठी ट्रॅक्टर निवडणे आणि उतारासाठी ट्रॅक्टर निवडणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. सपाट जमिनीवर निवड चुकली तर पैसे वाया जातात. उतारावर निवड चुकली तर चालकाचा जीव जाऊ शकतो, आणि तो चालक बहुधा मालक स्वतः नसतो, तर त्याच्या शब्दावर कामाला आलेला दुसऱ्या घरचा कर्ता माणूस असतो. म्हणून येथे अश्वशक्ती आणि किंमत यांच्याही आधी एका गोष्टीचा हिशोब मांडावा लागतो. ती गोष्ट म्हणजे उतार.

आधी जमीन मोजावी

दुकानदाराने विचारण्यापूर्वीच मालकाला आपल्या जमिनीचा उतार आकड्यात ठाऊक असला पाहिजे. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. एक मीटर लांबीची सरळ लाकडी पट्टी आणि गवंड्याची पाणसळ पुरेशी आहे. पट्टीचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूस जमिनीला टेकवावे, पाणसळ पाहून पट्टी आडवी समपातळीत धरावी आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर राहते ते मोजावे. हे अंतर सुमारे १८ सेंटीमीटर आले तर उतार १० अंश, २७ सेंटीमीटर आले तर १५ अंश आणि ३६ सेंटीमीटर आले तर २० अंश समजावा.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. उतार अंशांत सांगितला जातो तसाच टक्क्यांतही सांगितला जातो, आणि ही दोन्ही मापे एक नव्हेत. १५ अंश म्हणजे सुमारे २७ टक्के. उलट १५ टक्के म्हणजे जेमतेम साडेआठ अंश. १०० टक्के उतार म्हणजे कडा नव्हे, तर ४५ अंशांचा उतार. विक्रेता ‘आमचे यंत्र ३० टक्के चढते’ असे म्हणाला, तर ते १७ अंशांहूनही कमी असते हे लक्षात ठेवावे. शिवाय चढणे वेगळे आणि त्याच उतारावर आडवे चालणे वेगळे.

अशा मोजण्या जमिनीवर वीस-पंचवीस ठिकाणी घ्याव्यात आणि कागदावर जमिनीचे तीन भाग पाडावेत. १० अंशांपर्यंतचा भाग, १० ते १५ अंशांचा भाग आणि १५ अंशांच्या वरचा भाग. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या पुस्तिकांत १५ अंश ही मर्यादा वारंवार आढळते. ट्रॅक्टरची मर्यादा त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावी लागते. ओले गवत, सैल माती किंवा झाकलेले दगड असतील तर ती मर्यादाही खाली येते. तिसऱ्या भागात ट्रॅक्टर न्यायचाच नाही हे खरेदीपूर्वीच ठरवले, तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. तीन भागांपैकी पहिलाच भाग मोठा निघाला तर ट्रॅक्टरला अर्थ आहे. तिसराच भाग मोठा निघाला तर कितीही महागडा ट्रॅक्टर आणला तरी तो शेडमध्ये उभा राहील, किंवा नको तिथे जाईल.

अरुंद ट्रॅक्टर कोणासाठी बनतो?

महाराष्ट्रात छोट्या ट्रॅक्टरला मोठी मागणी आहे ती मुख्यतः द्राक्षबागांतून, आणि ऊस व कापसाच्या आंतरमशागतीसाठी. नाशिक आणि सांगलीकडच्या बागांत दोन ओळींमधून ट्रॅक्टर फिरला पाहिजे, म्हणून तो मुद्दाम अरुंद बनवला जातो. तिथे अरुंदपणा हा गुण आहे. उतारावर मात्र तोच दोष ठरतो.

कारण समजायला सोपे आहे. ट्रॅक्टरचे सारे वजन एका बिंदूत साठले आहे अशी कल्पना करावी. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. ट्रॅक्टर आडवा कलत गेला आणि या बिंदूतून सोडलेला ओळंबा खालच्या बाजूच्या चाकाच्या बाहेर गेला की ट्रॅक्टर उलटतो. चाकांतील अंतर जितके जास्त आणि गुरुत्वमध्य जितका खाली, तितके ट्रॅक्टरचे बूड पक्के.

उदाहरणादाखल एक हिशोब पाहू. समजा मागच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर ९० सेंटीमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच आहे. कागदावर हा ट्रॅक्टर सुमारे ३७ अंशांवर उलटेल. १५ अंशांच्या उतारावर आडवे चालताना २२ अंशांची शिल्लक आहे, मग भीती कशाची? आता गवतात झाकलेल्या १५ सेंटीमीटर उंचीच्या दगडावर वरच्या बाजूचे चाक चढले आणि त्याच क्षणी खालच्या बाजूचे चाक १५ सेंटीमीटर खड्ड्यात गेले असे समजा. एवढ्यानेच १८ अंशांचा कल वाढतो. एकूण ३३ अंश झाले आणि शिल्लक उरली चार अंश. ती वेगाच्या एका हिसक्याने संपते. छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यावर झुलता असतो, त्यामुळे प्रत्यक्षातली मर्यादा या कागदी ३७ अंशांपेक्षाही कमीच भरते.

तोच ट्रॅक्टर चाकांतील अंतर १२० सेंटीमीटर करून चालवला तर कागदी मर्यादा ४५ अंशांवर जाते, आणि त्याच दगड-खड्ड्याने वाढणारा कल १४ अंशांवर येतो. १५ आणि १४ मिळून २९. शिल्लक १६ अंश. केवळ ३० सेंटीमीटर रुंदीने चार अंशांची शिल्लक सोळा अंशांवर नेली. पंधरा-वीस हजारांची सवलत मिळवण्यासाठी दहा ठिकाणी चौकशी करणाऱ्या खरेदीदाराने या ३० सेंटीमीटरसाठी एक प्रश्न अवश्य विचारावा की चाकांतील अंतर वाढवता येते का आणि किती. अनेक मॉडेलमध्ये मागची चाके उलटसुलट बसवून किंवा रिम सरकवून ते वाढवता येते. ट्रॅक्टर ताब्यात घेतानाच विक्रेत्याकडून ते सर्वांत रुंद मापावर करून घ्यावे.

मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची आपल्याकडील जुनी पद्धतही येथे उपयोगी आहे. टायरच्या सुमारे तीन चतुर्थांश उंचीपर्यंत पाणी भरले की वजन खालच्या बाजूस वाढते, बूड जड होते आणि पकडही सुधारते. टपावर पत्रा, मागे पाण्याची टाकी किंवा वर उचललेले अवजार यांनी नेमके उलटे घडते.

चारही चाकांची ओढ आणि ब्रेकची जोडी

उतारासाठी चारही चाकांना ओढ असलेला, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच घ्यावा. चढताना चाके घसरू नयेत एवढ्यासाठी तो हवा असा सर्वसाधारण समज आहे. त्याचे खरे महत्त्व उतरताना कळते. साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना वजन पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर वाळल्या गवतावरून घसरत राहतो. पुढचा आस जोडलेला असेल तर इंजिनाचा आणि ब्रेकचा रोध पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणून उतारावर ही जोडणी कायम चालू ठेवावी.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या पायपट्ट्यांची. शेतात चटकन वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे दिलेले असतात. उतारावर घाईत एकच पट्टी दाबली गेली तर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो. दोन्ही पट्ट्या जोडणारी कडी बसवूनच उतारावर पाऊल टाकावे. आणि कितीही अनुभवी चालक असला तरी डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून उतरू देऊ नये. ज्या खालच्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातील मोटारीचा नियम येथेही लागू आहे.

ट्रॅक्टर बाजूला उलटतो तसा मागेही उलटतो. तीव्र चढावर क्लच झटक्याने सोडला किंवा ओढायचे ओझे मागच्या ठरलेल्या आडव्या पट्टीऐवजी उंच जागी बांधले, तर पुढची चाके उचलली जातात आणि एक-दोन सेकंदांत सारे संपते. चालकाला विचार करायलाही उसंत मिळत नाही. मागे जड अवजार असेल तर पुढे वजनाच्या पट्ट्या लावणे, आणि अवघड चढ उलट्या गिअरने चढणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

संरक्षक कमान : जिच्यावर घासाघीस करू नये

ट्रॅक्टर उलटला तरी चालक चिरडला जाऊ नये म्हणून त्याच्या आसनामागे मजबूत लोखंडी कमान बसवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘रोप्स’ म्हणतात. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी संरक्षक रचना सक्तीची केली, आणि पुढील काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू नगण्य झाले. ट्रॅक्टर तेच, उतार तेच, माणसेही तीच. फरक पडला तो कमानीने.

भारतात विकल्या जाणाऱ्या सर्वच छोट्या ट्रॅक्टरांवर ही कमान असतेच असे नाही. काहींवर ती मूळ रचनेत असते, काहींना वेगळी किंमत देऊन घ्यावी लागते. उतारासाठी खरेदी करताना ती उत्पादकाकडूनच बसवलेली असावी. गावच्या वेल्डरकडून करून घेतलेली कमान दिसायला सारखी दिसते, पण उलटत्या ट्रॅक्टरचे वजन ती पेलेल याची चाचणी कोणी केलेली नसते. कमानीबरोबर कमरपट्टा हवा. कमान असताना पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर चालक बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. उलटपक्षी कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये, असा सुरक्षातज्ज्ञांचा सल्ला असतो. आंब्याच्या खालच्या फांद्यांसाठी कमान घडीची असेल तर झाडाखालून बाहेर पडताच ती पुन्हा उभी करावी.

मडगार्डवर दुसऱ्या माणसाला बसवण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. कमान एका माणसासाठी असते. दुसऱ्यासाठी ट्रॅक्टरवर जागा नाही, हे मालकानेच बजावले पाहिजे, आणि सुटीला शेतावर आलेल्या घरच्या मुलांनाही तोच नियम असावा.

अश्वशक्ती किती आणि अवजार कोणते?

जाहिरातीत दिसते ती इंजिनाची अश्वशक्ती. गवत कापते ती मागच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे पीटीओला मिळणारी शक्ती, आणि ती थोडी कमी असते. २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण २० अश्वशक्ती मिळते असे धरून चालावे. फिरत्या पात्याच्या स्लॅशरसाठी रुंदीच्या प्रत्येक फुटामागे सुमारे पाच अश्वशक्ती हा ठोकताळा आहे. म्हणजे या ट्रॅक्टरला चार फुटी स्लॅशर योग्य. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला जाड, पिकलेल्या गवतात तेवढी रुंदी झेपत नाही. मात्र २४-२८ अश्वशक्तीच्या पुढे जाण्याचीही सहसा गरज नसते, कारण वजनदार ट्रॅक्टर उतारावर माती उकरतो आणि बांध फोडतो. महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचा निओस्टार बी २४४१ किंवा जॉन डिअरचा ३०२८ ईएन ही या गटातील फोर व्हील ड्राइव्ह मॉडेलची उदाहरणे. ही शिफारस नव्हे. तुलनेला सुरुवात कुठून करावी एवढेच त्यातून कळते.

अवजाराची निवड गवताचे पुढे काय करायचे यावर ठरते. स्लॅशर दणकट आणि तुलनेने स्वस्त असतो, पण तो दगड दूरवर फेकतो. जांभ्याच्या किंवा मुरमाड जमिनीवर स्लॅशर चालू असताना आसपास माणूस किंवा जनावर असता कामा नये. द्राक्षबागेत छाटणीच्या काड्यांसाठी वापरतात तो मल्चर गवताचा भुगा करून तो जागेवरच पसरवतो. तो ट्रॅक्टरला चिकटून राहतो, दगड कमी फेकतो आणि झाडांच्या बुंध्याशी आच्छादन देतो. पण त्याला शक्ती जास्त लागते आणि किंमतही अधिक असते. गवत चारा म्हणून गोशाळेला किंवा गावातील पशुपालकांना द्यायचे असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठी करवतीसारख्या सरकत्या पात्यांचा कटर बार घ्यावा. तो गवत बुडाशी कापून अखंड आडवे पाडतो आणि त्याला शक्तीही थोडी लागते.

चाऱ्यासाठी वेळही महत्त्वाची आहे. सह्याद्रीच्या उतारावरील कुसळी गवताला कुसळे आली की ती जनावरांच्या तोंडात रुततात आणि चाऱ्याची किंमत जाते. मारवेलसारखी चांगली गवतेही पिकून कडक झाली की त्यांतला कस कमी होतो. म्हणून पहिली कापणी पाऊस थांबून जमीन वाळली की, म्हणजे चातुर्मास सरता सरता करावी. दुसरी कापणी जाळरेषेपुरती डिसेंबरमध्ये. भर पावसात उतारावर ट्रॅक्टर नेणे सर्वथा वर्ज्य समजावे. सकाळचे दव वाळल्याखेरीजही सुरुवात करू नये.

कापणीपूर्वी साऱ्या जमिनीवरून एकदा पायी फिरावे. दगड, जुने बुंधे, खड्डे दिसतील तिथे खुणेच्या काठ्या रोवाव्यात. टिटवी, लावा, चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. तशी घरटी आढळली तर तेवढा तुकडा सोडून द्यावा. जिथे उतार सौम्य आहे तिथे कापणी मधून बाहेर करत नेली की ससे, सरडे व लहान जिवांना कडेच्या झाडीत निसटायला वाट राहते. कडेपासून आत कापत गेल्यास ते मध्ये कोंडले जातात. चढ जाणवू लागला की मात्र वर-खाली पट्टे घ्यावेत, आडवे चालू नये, आणि वळण सपाट जागी घ्यावे.

हिशोब काय सांगतो?

आता व्यापाऱ्याला अधिक परिचित असलेल्या बाजूकडे वळू. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील भाव घालून तीच मांडणी करावी.

समजा ट्रॅक्टर, कमान आणि अवजार मिळून सात लाख रुपये गुंतले. वर्षाचा घसारा ७० हजार, गुंतलेल्या रकमेवरील व्याज ६० हजार, विमा, देखभाल व शेड मिळून २० हजार. म्हणजे ट्रॅक्टर जागेवरून हलला नाही तरी वर्षाला दीड लाख रुपये खर्ची पडले. आता काम किती आहे ते पाहू. चार फुटी स्लॅशरने उतारावर सावकाश चालत एक एकर कापायला, वळणे धरून, दोन तास समजू. पाच एकर दोनदा कापायचे म्हणजे वीस तास. दीड लाखाला वीसने भागले की तासाला साडेसात हजार रुपये पडतात, आणि त्यात अजून डिझेल व चालक धरलेला नाही.

हेच काम ब्रश कटर खांद्यावर घेऊन माणसे करतील तर? एका माणसाकडून दिवसाला अर्धा एकर आणि यंत्रासह मजुरी बाराशे रुपये धरली, तर पाच एकर दोनदा कापायला वीस दिवस आणि २४ हजार रुपये लागतात. केवळ गवतासाठी पाच एकरांवर ट्रॅक्टर घेणे हिशोबात बसत नाही, हे या दोन आकड्यांत स्पष्ट आहे.

चित्र बदलते ते ट्रॅक्टरला वर्षभर काम असेल तेव्हा. खत व पाणी वाहणे, फवारणी, सपाट तुकड्यात मशागत, गावात भाड्याने देणे, अशी वर्षाला तीनशे तासांची कामे असली तर तोच दीड लाख तासाला पाचशे रुपयांवर येतो. म्हणून खरेदीपूर्वी बारा महिन्यांचे काम एका वहीत लिहून काढावे. तीनशे तास जुळत नसतील तर शेजारच्या दोन-तीन जमीनमालकांनी मिळून घेणे, किंवा कृषी अवजार बँकेकडून भाड्याने आणणे अधिक शहाणपणाचे. भाड्याने आणताना मात्र स्वस्तात मिळतो म्हणून कमान नसलेला ट्रॅक्टर उतारावर नेऊ नये.

कर आणि कर्ज याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे जुन्या दरपत्रकावर बोलणी करू नयेत. दुसरी, शेती उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने त्यासाठी केलेला खर्च दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. शेतीची वही वेगळी ठेवावी आणि शेतीचा ट्रॅक्टर पेढीच्या पुस्तकात घालण्याचा मोह टाळावा. तिसरी, कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाराष्ट्रात महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी लागते. आधी बिल आणि मग अर्ज केला तर अनुदान हातचे जाते. कर्ज घेतल्यास हप्ते पिकाच्या हंगामाशी जुळवून सहामाही किंवा वार्षिक मागावेत. कर्ज फिटल्यावर नोंदणी पुस्तकातील बँकेचा बोजा उतरवून घ्यायला विसरू नये.

विम्याकडेही केवळ कागदपत्राची पूर्तता म्हणून पाहू नये. यंत्रावर काम करणाऱ्या नोकराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येऊ शकते. तृतीय पक्ष विम्यात पगारी चालकाचे संरक्षण जोडून घ्यावे. त्यासाठीचा जादा हप्ता किरकोळ असतो.

तीव्र उताराचे काय करावे?

उतारावरील गवत कापण्याचा दीर्घ सराव आल्प्स पर्वतातील शेतकऱ्यांना आहे. हिवाळ्यासाठी चारा साठवणे हा तिथल्या पशुपालनाचा कणा असल्याने त्यांना डोंगर सोडून चालत नाही. स्वित्झर्लंडमधील एबी कंपनीचे टेराट्रॅक किंवा ऑस्ट्रियातील रिफॉर्म कंपनीचे मेट्रॅक पाहिले तर ते नेहमीच्या ट्रॅक्टरसारखे दिसतच नाहीत. बुटके, रुंद, चारही चाके जवळपास सारखी आणि अवजार पुढे. त्याहून तीव्र उतारावर तिथला शेतकरी दोन चाकांच्या यंत्रामागे पायी चालतो. यंत्र घसरले तर हात सोडायचा, माणूस सुरक्षित. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी काढलेला निष्कर्ष हाच आहे की नेहमीच्या ट्रॅक्टरला एक मर्यादा आहे, आणि तिच्या पलीकडे माणसाने यंत्रावर बसू नये.

ती महागडी यंत्रे आणण्याची आपल्याला गरज नाही, त्यामागचा विवेक मात्र घेता येतो. १५ अंशांवरील भागात ब्रश कटर किंवा विळाच चालवावा. तिथे सगळे गवत काढण्याऐवजी हद्दीवर आणि झाडांच्या आळ्याभोवती जाळरेषा काढावी. शक्य असेल तिथे गवत उभेच राहू द्यावे, कारण तेच उताराची माती धरून ठेवते.

खरेदीच्या दिवशी

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची शक्ती, ब्रेकची कामगिरी, गुरुत्वमध्याची उंची अशा बाबी मोजून दिलेल्या असतात. विक्रेत्याकडे रंगीत पत्रकाऐवजी हा अहवाल मागावा. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला तो अवघड जाणार नाही.

त्यानंतर प्रात्यक्षिक आपल्याच जमिनीवर मागावे. विक्रेत्याच्या सपाट आवारात सगळेच ट्रॅक्टर चांगले चालतात. प्रात्यक्षिकाच्या वेळी जो माणूस पुढे तो रोज चालवणार आहे त्याला सोबत घ्यावे, आसनावर बसवावे, ब्रेक आणि गिअरपर्यंत त्याचे पाय-हात नीट पोहोचतात का ते पाहावे आणि त्याचे मत विचारावे. सर्वांत जवळचा सेवा केंद्राचा माणूस किती अंतरावर आहे आणि कापणीच्या हंगामात तो किती दिवसांत येतो, याची चौकशी विक्रेत्याकडे न करता त्याच भागातील जुन्या ग्राहकाकडे करावी.

शेवटी, जमिनीच्या नकाशावर पाडलेले ते तीन भाग लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगात दाखवून एक प्रत ट्रॅक्टरच्या शेडमध्ये लावावी. हिरव्यात ट्रॅक्टर मोकळेपणाने जाईल. पिवळ्यात फक्त वर-खाली, कोरड्या दिवशी आणि जाणत्या चालकाच्या हाती. लाल भागात कोणीही, कोणत्याही कारणाने ट्रॅक्टर नेणार नाही. मालक शहरात असताना काम संपवण्याची घाई चालकाला होते, आणि ‘एवढाच तुकडा राहिला आहे’ असे त्याला वाटते. त्या वेळी त्याला नाही म्हणण्याचा आधार हा कागद देतो.